फसफस आणि काचेची नळी

विषय वाचून आमच्या घरातल्या काही ज्येष्ठ मंडळींच्या भुवया उंचावतील, म्हणून आधीच सांगून टाकतो. मी आयुष्यात बिअरचा थेंब चाखलेला नाही आणि आता पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर चाखण्याचा विचारही नाही. पण इतिहासाच्या मास्तरला विषयांचं सोवळंओवळं पाळून चालत नाही. मिठावर लिहायचं, भातावर लिहायचं, गणपतीच्या मूर्तींवर लिहायचं आणि दारूचा विषय निघाला की पान उलटायचं, याला काही अर्थ नाही.

निमित्त असं झालं की परदेशी असलेला माझा एक पुतण्या हल्ली घरी बिअर करायला शिकतो आहे. (तिथे ते कायद्यात बसतं. इंग्लंडात १९६३ साली घरगुती बिअरवरची परवान्याची अट गेली. अमेरिकेत १९७८ साली कायदा झाला आणि पुढच्या वर्षापासून घरच्यापुरती बिअर करायला मोकळीक मिळाली. आपल्याकडे मात्र १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय घरी बिअर करणं हा गुन्हा आहे. तेव्हा माझं वाचून कुणी पेण-रोह्यात पिंप मांडू नये!) तो म्हणाला, "काका, जव भिजवणं, उकळणं हे सगळं पुस्तक बघून जमतं. कठीण एकच. आंबणं संपलं की नाही, हे कसं ओळखायचं?" आणि मग त्यानं एका काचेच्या नळीचं वर्णन केलं. खाली फुगा, वर बारीक दांडी, दांडीवर आकडे. पाण्यात सोडली की उभी तरंगते.

ते ऐकलं आणि मनात म्हटलं, अरे, ही तर आपल्या ओळखीची आहे! दूध डेअरीवर लॅक्टोमीटर असतो तो हिचाच भाऊ. गॅरेजमधला बॅटरीवाला रबरी फुग्यानं ॲसिड ओढून बघतो, त्या नळीतही हीच. आणि आपल्या जिल्ह्याच्या इतिहासात तर ही नळी दोन ठिकाणी भेटते, मिठागरात आणि दारूच्या भट्टीत. त्या दोन्हींची गोष्ट मला आज सांगायची आहे. पण आधी नळी नव्हती तेव्हा लोक काय करत होते, ते बघू.

कान, नाक, जीभ

आंबवणं आपल्याला परकं नाही. आंबोळीचं पीठ रात्री भिजवून ठेवायचं आणि सकाळी झाकण काढून बघायचं. पीठ वर आलंय का, जाळी पडलीय का, वास कसा येतोय. थंडीत त्याला जास्त वेळ लागतो, वैशाखात ते चार तासांत उतू जातं. आमच्या आईला घड्याळ लागत नसे. तिचा अंदाज चुकला तर फार तर एका वेळची न्याहारी आंबट व्हायची.

घडतं काय, ते थोडक्यात सांगतो. पिठात किंवा गोड रसात सूक्ष्म जीव असतात. त्यांतल्या यीस्ट नावाच्या जिवांचं खाद्य म्हणजे साखर. ते साखर खातात आणि त्यातून दोन गोष्टी बाहेर पडतात, एक मद्यार्क आणि दुसरा कार्बन डायऑक्साइड वायू. हिशेब मोठा गमतीदार आहे. १८० ग्रॅम ग्लुकोज पूर्ण आंबलं तर साधारण ९२ ग्रॅम मद्यार्क आणि ८८ ग्रॅम वायू होतो. म्हणजे जवळजवळ निम्मी साखर हवा होऊन उडून जाते! फसफस ऐकू येते ती या हवेची.

ही विद्या आपल्याकडे फार जुनी. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्ष नावाच्या अधिकाऱ्यावर एक आख्खं प्रकरण आहे. त्यात मद्याचे प्रकार आहेत, त्यांची प्रमाणं आहेत आणि 'किण्व' हा शब्दही आहे. किण्व म्हणजे आंबवण्यासाठी घालायचं विरजण. आपल्या विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकातला 'किण्वन' हा शब्द तिथून आला. मुलांना तो अवघड वाटतो, पण खरं तर तो त्यांच्या विज्ञानाच्या पुस्तकापेक्षा कितीतरी म्हातारा आहे.

आणि ज्या घरात दारूचं नाव काढलेलं चालत नसे, त्या घरातही किण्वनाची बाटली असायचीच. द्राक्षासव, कुमारी आसव, बाळंतिणीसाठी दशमूलारिष्ट! आसव आणि अरिष्ट ही आंबवलेली औषधं. त्यांत मद्यार्क बाहेरून घालत नाहीत, तो आतच तयार होतो. वैद्यमंडळी काढ्यात गूळ किंवा मध घालत, धायटीची फुलं टाकत आणि भांड्याचं तोंड बंद करून ते महिनाभर धान्याच्या राशीत पुरून ठेवत. धायटीचं झुडूप आपल्या डोंगरांतही होतं. फाल्गुनाच्या सुमारास त्याला लालभडक फुलं येतात.

आता महत्त्वाची गोष्ट. औषध तयार झालं हे वैद्याला कसं कळायचं? एक, भांड्याला कान लावायचा. आतला आवाज थांबलेला असला पाहिजे. दोन, वर तरंगणारी फुलं-चूर्ण खाली बसलेली असली पाहिजेत. तीन, पेटती काडी किंवा दिवा भांड्याच्या तोंडाशी धरायचा. आंबणं चालू असेल तर वायूमुळे ज्योत विझते. ती तेवत राहिली तर समजायचं की काम झालं. ही तिसरी परीक्षा मला फार आवडते. ज्यांना कार्बन डायऑक्साइड हे नाव माहीत नव्हतं, त्यांनी त्याचा गुण पकडला होता.

ताडामाडांवर चढणारे भंडारी, डोंगरातले कातकरी-ठाकूर यांची परीक्षा याहून वेगळी नव्हती. ताडी-माडीचं तर गणितच घाईचं. सूर्योदयापूर्वी उतरवलेला ताजा रस म्हणजे नीरा, गोड. ऊन चढलं की तिची ताडी व्हायला लागते आणि पुढे दिवस-दोन दिवसांत ती आंबट होऊन सिरक्याच्या वाटेला लागते. नीरा गोड ठेवायची तर मडक्याला आतून चुना लावतात, म्हणजे आंबणं अडतं. मोहाच्या फुलांचं तसं नाही. सुकलेली फुलं पाण्यात भिजत घालायची आणि काही दिवस वाट बघायची. त्या भिजवणीला आपल्याकडे 'सडवा' म्हणतात. सडवा तयार झाला की नाही हे फेसावरून, वासावरून आणि जिभेवरून ठरायचं. घाई केली तर मद्यार्क कमी आणि उशीर केला तर आंबट. यातलं काहीही कागदावर नव्हतं, सगळं अंगात मुरलेलं होतं.

पेणच्या शेजाऱ्यांची बरणी

इथे पेणच्या एका जुन्या शेजाऱ्यांची आठवण काढल्याशिवाय पुढे जाववत नाही. आपल्या जिल्ह्यातले बेने इस्रायल, म्हणजे तेलाचा घाणा चालवणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे 'शनवार तेली'. पेणचं त्यांचं सिनेगॉग १८६३ सालचं. आता यांतले बहुतेक लोक इस्रायलला गेले, पण घरी मराठी बोलणारे ज्यू म्हणून जगभरचे अभ्यासक त्यांच्याविषयी लिहितात.

आपल्याला कळायचं असतं की आंबणं संपलं कधी. यांच्या धर्मात वर्षातून एकदा उलटा प्रश्न येतो, की आंबणं सुरू झालं कधी? वल्हांडणाच्या सणाला आंबलेलं काहीही खायचं नाही. पिठाला पाणी लागल्यापासून अठरा मिनिटांच्या आत भाकरी भाजून झाली पाहिजे, नाहीतर ते पीठ आंबलं असं धरायचं, असा त्यांच्या शास्त्रकारांचा दंडक आहे. कोकणातल्या बेने इस्रायलांनी या सणाला मराठी नाव दिलं होतं, 'अनशी ढाकायचा सण'. हाईम सॅम्युअल केहिमकर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपल्या समाजाचा इतिहास लिहिला, त्यात हे नाव आलं आहे. अनशी म्हणजे घरातल्या आंबट पातळ पदार्थाची बरणी. ती त्या दिवसांत झाकून ठेवायची म्हणून हे नाव. शब्बाथच्या आशीर्वादालाही त्यांच्यात मनुका भिजवून गाळलेलं, न आंबलेलं सरबत चालत असे.

आंबण्याची वेळ हा एखाद्या समाजाच्या श्रद्धेचाही भाग असू शकतो, हे यावरून लक्षात येतं. आणि अठरा मिनिटं हा आकडा म्हणजे तर मापनच झालं! नाकाजिभेवर न सोपवता सगळ्यांना सारखं लागू होणारं एक माप ठरवायचं. काचेच्या नळीकडे जाणारा रस्ता इथूनच सुरू होतो.

पाकाची तार आणि तरंगणारी नळी

आपल्या स्वयंपाकघरातही असं माप आहे. साखरेचा पाक! एकतारी, दोनतारी, गोळीबंद. दोन बोटांत धरून तार बघणारी गृहिणी खरं तर पाकात पाणी किती आणि साखर किती, याचीच परीक्षा घेत असते. पाक जितका दाट, तितका जड. आणि जड द्रवात वस्तू जास्त वर तरंगते, हे आर्किमिडीजनं दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी सांगून ठेवलं आहे. विहिरीत पोहणाऱ्यापेक्षा समुद्रात पोहणाऱ्याला तरंगणं सोपं जातं, ते याचमुळे.

फ्रान्समधल्या अँटोनी बोमे नावाच्या रसायनवाल्यानं १७६८ साली या तत्त्वावर काचेची नळी आणि तिचे अंश ठरवले. आपल्या पेण-उरणच्या खाड्यांकाठच्या मिठागरांत या बोमे साहेबाचं नाव अजून चालतं. समुद्राचं पाणी येतं ते साधारण तीन-साडेतीन अंशांचं. वाफ्या-वाफ्यांतून फिरवत, उन्हात आटवत ते २५ अंशांच्या आसपास नेलं की मीठ धरायला लागतं. २९-३० च्या पुढे गेलं तर कडू क्षार मिठात उतरू लागतात, म्हणून ते पाणी काढून टाकायचं. म्हणजे सुरुवात केव्हा आणि थांबायचं केव्हा, दोन्ही नळी सांगते. जुने आगरी मात्र पाण्याला चढणारी लालसर झाक बघून आणि बोटांना लागणारी चिकट जाणीव घेऊन नेमकं ओळखायचे. पाक बघणाऱ्या गृहिणीसारखंच!

बिअरमध्ये ही नळी उलट्या दिशेनं चालते. जवाचा गोड काढा सुरुवातीला जड असतो, म्हणून नळी वर तरंगते. यीस्ट साखर खात जाते तसा तो हलका होतो, त्यातच पाण्याहून हलका असलेला मद्यार्क मिसळतो आणि नळी दिवसेंदिवस खाली बुडत जाते. ती बुडायची थांबली की साखर खाऊन संपली.

हे पहिल्यांदा बिअरवाल्यांच्या ध्यानात आणून देणाऱ्याची कथा ऐकण्यासारखी आहे. इंग्लंडात हॅम्पशरमधल्या आल्टन गावी जेम्स बॅव्हरस्टॉक नावाचा तरुण वडिलांच्या बिअरच्या धंद्यात होता. १७६८ च्या सुमारास त्यानं अशी नळी मिळवली. वडिलांना असली थेरं पसंत नव्हती, म्हणून तो चोरून मापं घ्यायचा! तो ती घेऊन लंडनच्या व्हिटब्रेड या बड्या बिअरवाल्याकडे गेला, तर त्यानं खुळचट नाद सोडून धंदा बघ असं सांगून त्याला वाटेला लावलं. दाद दिली ती हेन्री थ्रेलनं. हा थ्रेल म्हणजे कोशकार डॉ. जॉन्सन यांचा स्नेही. पुढे १७८४ साली जॉन रिचर्डसननं खास बिअरसाठीच्या नळीवर पुस्तक लिहिलं आणि मग मात्र सगळे तिच्या मागे लागले. कारण सोपं होतं. किती जवातून किती साखर निघाली आणि तिची किती दारू झाली, याचा पैशांत हिशेब मांडता येऊ लागला होता.

आणि जिथे हिशेब, तिथे सरकार आलंच.

नळी सरकारच्या हातात

ब्रिटिश सरकारनं दारूच्या करासाठी बार्थोलोम्यू साइक्सची नळी १८१६ च्या कायद्यानं अधिकृत केली. तिच्यावर 'प्रूफ' ठरायचं. शंभर प्रूफ म्हणजे आजच्या हिशेबात सुमारे ५७ टक्के मद्यार्क. ही नळी कंपनी सरकार आणि राणी सरकारच्या मागोमाग इकडे आली. आजही भारतीय व्हिस्की-रमच्या बाटल्यांवर '४२.८ टक्के' असा विचित्र आकडा छापलेला असतो. चाळीस नाही, पंचेचाळीस नाही, ४२.८ का? कारण शंभर प्रूफपेक्षा पंचवीस अंश कमी, म्हणजे ५७.१ चा पाऊण हिस्सा! साइक्स साहेब १८०३ साली वारला, त्याचा आकडा अजून जिवंत आहे.

मुंबई इलाख्यात १८७८ साली आबकारी कायदा झाला. त्याआधी गावोगावच्या भट्ट्या मक्त्यानं चालत. नव्या व्यवस्थेत गावठी भट्ट्या बंद करून मोठ्या, देखरेखीखालच्या भट्ट्यांवर दारू काढायची, तिची ताकद नळीनं मोजायची आणि त्या मापावर कर घ्यायचा असं धोरण आलं. ताडामाडांवर झाडागणिक कर बसला. मोहाच्या दारूचं एक मोठं केंद्र आजच्या आपल्या जिल्ह्यातल्या उरणला होतं. तिथल्या भट्ट्या मुख्यतः पारशी मालकांच्या आणि मोहाची फुलं यायची ती मुख्यतः पंचमहालातून. म्हणजे आपल्या डोंगरात मोह असताना पंचमहालाचा मोह उरणला आंबायचा आणि त्याची मोजून-मापून काढलेली दारू कर भरून विकली जायची.

मग डोंगरातल्या मोहाचं काय? १८९२ साली मुंबई सरकारनं खास मोहाच्या फुलांसाठी कायदा केला आणि तो होता ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी. कुलाबा म्हणजे आपलाच जिल्हा, १९८१ साली त्याचं रायगड झालं. फुलं बाळगण्या-साठवण्यावरच बंधन आलं. आता मोहाची फुलं ही काही नुसती दारूची वस्तू नव्हे. गरीब माणूस ती सुकवून, शिजवून, भाजून खातो. टंचाईच्या दिवसांत ते अन्न असतं. पण ज्याच्या घरात फुलं, त्याच्या घरात सडवा, असा सरकारचा संशय. झाडाखाली पडलेलं फूल वेचणं संशयास्पद ठरलं!

यातला एक दुवा पेणकरांच्या लक्षात यावा. त्या काळी मुंबई इलाख्यात या कामावरच्या वरिष्ठ अधिकाऱ्याच्या हुद्द्यात जकात, मीठ, अफू आणि आबकारी ही चारही खाती एकत्र होती. मिठागरातल्या मिठावरही कर आणि भट्टीतल्या दारूवरही कर, दोन्हींचा धनी एक. खाडीकाठचा आगरी आणि डोंगरातला कातकरी यांची कधी एकमेकांशी गाठ पडत असेल-नसेल, पण एकाच खात्याचा शिपाई दोघांच्याही दारात येत होता.

मी दारूचं समर्थन करतोय असं कुणी समजू नका. वाड्यावस्त्यांवर दारूनं केलेली वाताहत मी शाळेच्या खिडकीतून पाहिली आहे. हुशार मुलगा सातवीतून गळतो, त्यामागे पुष्कळदा बापाची बाटली असते. गांधीजींच्या आग्रहामागे हीच कळकळ होती आणि आमच्या पेण तालुक्यातल्या गागोद्याला जन्मलेले विनोबाही त्याच विचाराचे. माझा मुद्दा वेगळा आहे. मोजण्याचं साधन आपल्याकडे आलं ते फक्त कर घेणाऱ्याच्या हातात. करणाऱ्याच्या हातात ते कधी पोचलंच नाही. करणाऱ्याची कान-नाक-जिभेची विद्या होती, ती गुन्हा ठरून रानात, अंधारात गेली. अंधारात गेलेल्या विद्येत सुधारणा होत नाही. तिथे मोह गेला, काळा गूळ आणि नवसागर आला. कसलं माप आणि कसली स्वच्छता! वर्तमानपत्रात आपण वाचतो, अमुक इतके लिटर रसायन नष्ट केले. त्या 'रसायन' शब्दातच सगळं आलं.

आणि मग विक्रोळी २००४, मालवणी २०१५. मालवणीत शंभरावर माणसं गेली. इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण पुष्कळ शिकलेल्या लोकांचाही गैरसमज असतो. ही माणसं आंबवणं चुकल्यामुळे मेली नाहीत. धान्य किंवा फुलं आंबवून असा विषारी डोस तयार होत नाही. कारखान्यात वापरायचा मिथेनॉल दारू म्हणून विकला गेला, त्यानं मेली. दिसायला, वासाला तो साध्या मद्यार्कासारखाच. म्हणजे हजारो वर्षं ज्यांवर भरवसा ठेवला ते नाक आणि ती जीभ इथे निरुपयोगी ठरतात. आणि काचेची नळीही! ती जड-हलकं सांगते, विष सांगत नाही. कुठल्या साधनाला काय विचारायचं आणि काय नाही, हे कळणंही मापनाचाच भाग आहे.

शेजारच्या गोव्यात थोडं निराळं चित्र दिसतं. काजूची बोंडं तुडवून काढलेला रस बाहेरचं काही न घालता दोन-तीन दिवस आंबवतात आणि मग भट्टीला लावतात. हुर्राक आणि फेणी यांची ताकद तिथे 'ग्राव'मध्ये सांगतात. हे ग्राव म्हणजे नळीवरचे अंशच, पोर्तुगीज अमदानीतून आलेले. तिथे भट्टीवाला स्वतः नळी टाकून बघतो आणि गिऱ्हाईकही विचारतं, किती ग्राव? २००९ साली फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं. काजूच्या फेणीचा अभिमान बाळगता येतो आणि मोहाचं नाव निघालं की पोलीस डोळ्यांपुढे येतो, या फरकामागे दीडशे वर्षांचं आबकारी धोरण आहे.

पुतण्याची वही

आता पुतण्याच्या प्रश्नाचं उत्तर. नवशिक्यांनी आंबण्याची परीक्षा कशी करावी, हे त्यानं मला फोनवर समजावलं आणि मी फळ्यावर लिहावं तसं लिहून घेतलं. परदेशातल्या आमच्या नातलगांना उपयोगी पडेल.

पिंपाच्या झाकणाला पाणी भरलेली एक वाकडी नळी असते, तिच्यातून वायू बुडबुड करत बाहेर पडतो. नवशिका माणूस हे बुडबुडे मोजत बसतो. पण झाकण सैल असलं तर आत जोरात आंबत असूनही एक बुडबुडा दिसत नाही. उलट आंबणं संपलेलं असताना खोली तापली, तर विरघळलेला वायू सुटून बुडबुडे पुन्हा सुरू होतात. म्हणजे वैद्याच्या कानाला जी मर्यादा, तीच बुडबुड्यांना. फसफस खुणावते, ग्वाही देत नाही.

फेसाचं तसंच. पहिल्या दोन-तीन दिवसांत वर तपकिरी फेसाची साय चढते, मग खाली बसते. ती बसली म्हणजे जोर ओसरला, पण काम संपलं असं नाही.

म्हणून नळी. यीस्ट घालण्यापूर्वी एक माप घ्यायचं आणि वहीत तारीख घालून लिहायचं. पाण्याची घनता १.००० धरली तर साध्या बिअरच्या काढ्याची १.०५० च्या आसपास असते. आठ-दहा दिवसांनी दुसरं माप. समजा ते १.०१२ आलं. मग लगेच बाटल्या भरायच्या नाहीत. दोन-तीन दिवस थांबून पुन्हा बघायचं. परत १.०१२ आलं, तर आंबणं संपलं. १.०१० आलं, तर अजून चालू आहे, पुन्हा थांबायचं. पहिल्या आणि शेवटच्या मापातल्या फरकाला साधारण १३१ नं गुणलं की मद्यार्काचा टक्का मिळतो. १.०५० वरून १.०१० वर आली तर ०.०४० गुणिले १३१, म्हणजे सव्वापाचच्या आसपास.

बाकी दक्षता अशा. नळीवर लिहिलेल्या तापमानालाच तिचा आकडा खरा, बहुधा २० अंश सेल्सियस. काढा गरम असेल तर दुरुस्ती करावी लागते. नळी किंचित फिरवून सोडायची, म्हणजे तिला चिकटलेले बुडबुडे सुटतात. नाहीतर ते तिला वर उचलतात आणि आकडा खोटा येतो. डोळा द्रवाच्या पातळीला न्यायचा. (हे तर आम्ही प्रयोगशाळेत ओरडून ओरडून सांगायचो!) मापासाठी काढलेला नमुना पिंपात परत ओतायचा नाही, चाखून बघायचा आणि टाकून द्यायचा. चाखणं सोडायचं नाही. जीभ ताजेपणा सांगते, बिघाड सांगते, ते नळीला सांगता येत नाही.

एवढी काटेकोर वाट कशासाठी बघायची? कारण बाटलीत फेस यावा म्हणून भरताना लिटरमागे सहा-सात ग्रॅम साखर मुद्दाम घालतात. आत आधीचीच साखर उरलेली असेल, तर तीही बंद बाटलीत आंबते. नळीवरचा चार अंकांचा फरक म्हणजे लिटरमागे आठ-दहा ग्रॅम जादा साखर. तिचा वायू जाणार कुठे? बाटली फुटते आणि काचा उडतात. आईची आंबोळी चुकली तर न्याहारी जायची, इथे डोळा जाऊ शकतो.

हे सगळं का घडतं याचा उलगडा व्हायला एकोणिसावं शतक यावं लागलं. लुई पाश्चर यांनी आंबणं हे जिवंत जिवांचं काम आहे असं दाखवलं आणि १८७६ साली बिअरवर आख्खा ग्रंथ लिहिला. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल हान्सेन यांनी १८८३ साली एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवलं आणि ते इतर बिअरवाल्यांनाही खुलं केलं. त्याच प्रयोगशाळेत सोरेन्सेन यांनी १९०९ साली आम्लता मोजायची पीएच ही पद्धत काढली. आज धाटावच्या कारखान्यांत काम करणारे माझे रोह्याचे विद्यार्थी रोज जो पीएच बघतात, तो मूळचा बिअरवाल्यांच्या प्रयोगशाळेतला!

सनावळी शेजारी-शेजारी ठेवली की मन थोडं खट्टू होतं. १८७६ ला पाश्चरांचा ग्रंथ, १८७८ ला आपल्याकडे आबकारी कायदा. १८८३ ला शुद्ध यीस्ट, १८९२ ला मोहाच्या फुलांवर बंदी. तिकडे भट्टीवाल्याच्या हातात सूक्ष्मदर्शक जात होता, इकडे फूल वेचणारीच्या टोपलीची झडती होत होती.

दोन मापं सारखी आली तरच विश्वास ठेवायचा, हा पुतण्याच्या वहीतला नियम मला मात्र जवळचा वाटला. आम्ही इतिहासातही तेच शिकवत आलो. एका कागदावर विसंबू नये, दुसरा त्याला दुजोरा देतो का बघावं. आबकारी खात्याचे कागद भरपूर आहेत, छापील आहेत, त्यांत आकडे आहेत. कातकऱ्याच्या सडव्याची बाजू सांगणारा कागद नाही. ती बाजू जाणणारी म्हातारी माणसं वाड्यांवर अजून थोडी आहेत. कान लावून ऐकलं तर अजून कळेल.

असो. लेख लांबला. जिल्ह्यातल्या कुणाकडे मोहाच्या फुलांचे घरगुती पदार्थ, जुनी गाणी-म्हणी किंवा मिठागरातल्या मापांचे शब्द असतील, तर जरूर कळवा. दारू सोडून बाकी सगळं चाखायला मी तयार आहे!